न धुतलेला अभ्रा

२८ जानेवारी

ती. आजीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

सोबत गाठोडं पाठवते आहे. उघडताना नाक मुरडू नकोस. आमच्या शेल्टरमधली अकरा पांघरुणं आहेत आणि सगळी फाटकी. कुत्र्यांनी दात लावलेत, मांजरांनी नखं. तू रिकामी बसलीस की वरच्या घड्याळवाल्याशी भांडतेस असं बाबा म्हणतात, म्हणून तुला कामाला लावते आहे.

दहा पांघरुणं धुतलेली आहेत. अकरावं, राखाडी, ते मुद्दाम धुतलेलं नाही आणि तूही धुवायचं नाहीस. तशी चिठ्ठीच टाचली आहे त्याला. फक्त मधलं भोक शिव, त्यात ढगोबाचा पाय अडकतो.

ढगोबा म्हणजे आमचा सगळ्यात म्हातारा कुत्रा. करड्या रंगाचा, मोठा, आणि चालतो असा की जणू कुणी सावकाश ढकलतंय. आमच्याकडे एक रीत आहे. नव्या घरी जाताना प्रत्येक जनावर आपलं पांघरूण घेऊन जातं, आहे तसं, वासासकट. परक्या घरात तेवढीच एक ओळखीची जागा. वीस तारखेला एक शिक्षक नवराबायको त्याला न्यायला येणार आहेत. याआधी तो दोन घरांतून परत आला आहे. तिसऱ्यांदा परत आला, तर नियमाप्रमाणे त्याला दूरच्या मोठ्या केंद्रात पाठवतील. तिथे कुणी बघायला येत नाही. तिथे जनावरांना नंबर असतात, नावं नसतात. म्हणून एवढं बजावते आहे.

लोभ आहे तितका ठेव, ओरडा मात्र थोडा कमी कर.
तुझी भिंगरी

---

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अ. उ. आशीर्वाद.

गाठोडं पोचलं. पोस्टमनने ते हात लांब करून दिलं, मीही हात लांब करून घेतलं. दहा पांघरुणं धुतलेली आहेत असं तू लिहिलंस. कोणी धुतली? त्या पोरीला माझ्याकडे पाठव, आठ दिवसांत हात वळवून देते. साबण पुरता निघालेलाच नव्हता. सगळी पुन्हा धुतली, मग शिवली. ओल्या, मळक्या कापडावर टाका नीट बसत नाही, हे तुझ्या शेल्टरमध्ये कुणाला ठाऊक नसेल.

आता राखाडीचं. चार यत्ता शिकले आहे, चिठ्ठी वाचता येते. वाचली आणि बाजूला ठेवली. भिंगरे, तीस वर्षं मी इस्पितळाच्या लाँड्रीत काढली. रक्त, औषधं, माणसांचे शेवटचे घाम, सगळं माझ्या हाताखालून पांढरं होऊन गेलं. माझ्या दारातून मळकं कापड मळकंच परत जायचं असेल, तर मी कशाला जिवंत आहे? जुन्या कढईत दोनदा सोड्यात उकळलं, माझ्या साबणाने घासलं, तीनदा खळबळलं, उन्हात वाळवलं. राखाडी नव्हतंच ते. निळं आहे. भोकाला आतून ठिगळ लावलंय. पाय काय, नखही अडकायचं नाही.

कुत्र्याला वास लागतो म्हणे. स्वच्छतेलाही वास असतोच की.

औषध वेळेवर घेते, बापाला सांग. माया पत्रातून दिसत नसली तरी टाक्यातून दिसेल.
तुझी आजी

---

९ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि. रुसलेले आहेत, तरी घे.

पांघरूण बघून मी दोन मिनिटं पायरीवर बसून राहिले. निळं! तीन वर्षं आम्ही ते राखाडी समजत होतो. आजी, त्याचा सगळा वास गेला. आता बारा दिवसांत नवा कसा चढायचा?

तरी ढगोबाच्या खोलीत नेऊन ठेवलं. दुपारची वेळ होती. आमच्याकडे दुपारी सगळे एकदम झोपतात. पन्नास जनावरांचे श्वास वरखाली होतात, कुणाचा पंजा हलतो, कुणाची शेपटी स्वप्नात जमिनीवर आपटते. सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. ढगोबाने पांघरूण हुंगलं. खूप वेळ, कोपऱ्याकोपऱ्याने, एखादा कागद वाचावा तसं. मग दोन गिरक्या घेतल्या, हनुवटी तुझ्या ठिगळावर टेकवली आणि झोपला. झोपेत पळत होता. इतका म्हातारा कुत्रा इतका कुठे पळत असेल?

तेव्हापासून ते सोडत नाही. म्हणून आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या की असू दे, हेच बरोबर देऊ. तू वाचलीस.

नोंदवहीवर बसणारी बाईसाहेब मांजर अजून कुणी नेलेली नाही. बघायला येणाऱ्याला चावते.

राग धरवत नाही तुझ्यावर, हीच माझी अडचण.
तुझी भिंगरी

---

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. माझ्यावर रुसायला तुला अजून वीस वर्षं कमी आहेत.

बघ, झोपलं ना कुत्रं? मी म्हटलंच होतं.

वरचा घड्याळवाला परवा खाली आला. म्हणाला की पांघरुणं झटकलीस त्याचे केस माझ्या खिडकीतून आत आले, एक तर घड्याळात गेला आणि ते घड्याळ आता मागे पडतं. मी सांगितलं की तुझी सगळीच घड्याळं मागे पडतात, कुत्र्याला का नावं ठेवतोस. तेवढ्यावर तासभर बसून गेला. त्यालाही दुसरं कोण आहे बोलायला.

एक सांगायचं होतं, हसू नकोस. दुपारी डोळा लागला तर स्वप्न पडलं. लाँड्रीचं मागचं आवार होतं. दोऱ्याच दोऱ्या आणि त्यांवर चादरी, पांढऱ्या, संपतच नव्हत्या. वारा नव्हता तरी हलत होत्या. मी चिमटे काढत पुढे पुढे जातेय आणि चादरीच्या पलीकडून कुणीतरी माझ्या बरोबरीने चालतंय. मी थांबले की तेही थांबे. चादरीखालून चार पाय दिसत होते. चादर उचलली तर मागे दुसरी चादर. जाग आली तेव्हा हाताला साबणाचा वास होता. तो तर नेहमीच असतो.

मी असल्या गोष्टींना भाव देत नाही. तुला लिहिलं, कारण कागद उरला होता.

अंगावर स्वेटर घालत जा. आशीर्वाद संपत नाहीत, कागद संपतो.
तुझी आजी

---

२६ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

ढगोबा परत आला.

चार दिवस जेवला नाही. शिक्षिकाबाई सांगत होत्या की पांघरूण अंथरलं, तरी त्याच्यावर पडून राहीना. ते तोंडात धरून घरभर हिंडायचा. प्रत्येक कपाटाशी, प्रत्येक दाराशी, पलंगाखाली नाक लावायचा, थांबायचा, पुढच्या खोलीत जायचा. काहीतरी हरवल्यासारखं. सगळं घर शोधून झालं की बाहेरच्या दाराशी बसायचा. बिचारी दोघं रडली परत देताना. त्यांच्यात काही खोट नाही. डॉक्टरांनी तपासलं, त्याच्यातही काही नाही.

तिसरी वेळ, आजी. मोठ्या बाईंनी यादीत नाव लिहिलं. गाडी बारा मार्चला आहे. मी भांडले, पण खोल्या कमी आहेत आणि दारात रोज नवं कुणीतरी येतं.

तुला दोष देत नाही. पण तो काय शोधत होता, ते मला ठाऊक आहे असं वाटतं. त्याचा आपला जुना वास शोधत होता. तो मिळाला असता तर कदाचित राहिला असता. हे लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. तुझ्यापासून काही लपवलं की तुला कळतंच, म्हणून लिहिलं.

आज एवढंच. माया तशीच असू दे.
भिंगरी

---

२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. अक्षर लागत नव्हतं म्हणून नाही.

लाँड्रीत एक नियम होता. ज्या बाईच्या हातून चादर करपली, तिनेच ती घ्यायची, डाग काढायचा, नाहीतर रफू करायची. दुसरीच्या टोपल्यात टाकायची नाही. मी तीस वर्षांत दोन चादरी करपवल्या आणि दोन्ही निस्तरल्या. ही तिसरी. तुझ्या शेल्टरने पन्नास जनावरं निस्तरायची आणि माझ्या हातून बिघडलेलं काम त्या दूरच्या केंद्राच्या टोपल्यात टाकायचं, हे चालायचं नाही. कुत्रं इकडे पाठव.

मायेबियेचं काही समजू नकोस. मला कुत्र्यांचा लळा नाही. केस गळतात, भांडं सांडतात आणि तुमच्याकडे असं बघतात की घास उतरत नाही. हे काम आहे, ते मी पुरं करीन. तुझ्या बाईंना सांग की मी तळमजल्यावर राहते, मागे अंगण आहे, दाराला कडी आहे आणि म्हातारं जनावर सांभाळायची सवय आहे, तुझ्या आजोबांची चौदा वर्षं धरून.

तुमची रीत यावेळी मोडायची नाही. म्हणून सोबत माझ्या उशीचा अभ्रा आहे. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून बदलला नाही आणि धुतला नाही. लाज वाटते पाठवायला. माझ्या घरातलं मळकं कापड आजवर सुनेनेही पाहिलेलं नाही. पाकीट तूच उघड, दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस, आणि तोंडावर धरून रडत बसू नकोस. कुत्र्याला दे.

गाडी बाराला आहे ना? मग आदल्या आठवड्यात उत्तर आलं पाहिजे.

आशीर्वाद घे आणि पळ.
तुझी आजी

---

६ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि. शंभर वेळा.

मोठ्या बाईंनी यादीतलं नाव खोडलं. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, अभ्र्याचा भाग सोडून. आजोबांच्या ओळीला त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

अभ्रा दिला. ढगोबाने हुंगला आणि ताडकन उठून बसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला मी, एकच भुंकला. मग अभ्रा उचलून पांघरुणावर नेऊन ठेवला, पुन्हा पांघरूण हुंगलं, पुन्हा अभ्रा. दोन कपड्यांत काय ताडून बघत होता कोण जाणे.

रविवारी, दहा तारखेला, आमचा ड्रायव्हर त्याला आणून सोडेल. मला लसीकरणामुळे सुटी नाही. तो जेवला नाही तर घाबरू नकोस. आणि जमलं नाही तर तसं कळव, मी रागावणार नाही.

माझा जीव टांगणीला आहे. दोन ओळी तरी लिही.
तुझी भिंगरी

---

१५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि दोन ओळींऐवजी दोन पानं.

कुत्रं आलं. ड्रायव्हरने दोरी माझ्या हातात दिली तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही फारसं काही वाटलं नाही. आत आलं. खाटेजवळ पांघरूण अंथरलं होतं, त्यावर अभ्रा. तिकडे बघितलंही नाही. भात ठेवला, तो ओलांडून गेलं. मग तू लिहिलंस तसंच सुरू झालं. कपाटाशी नाक, दाराशी नाक, खाटेखाली नाक. मी खुर्चीत बसून बघत होते. म्हटलं, ही चौथी खेप.

मग ते स्वयंपाकघरातून सरळ मागे गेलं, मोरीत. तिथे माझ्या साबणाच्या वड्या वाळत असतात, सोड्याचा डबा, नीळ, आणि लाँड्रीतून आणलेली ती जुनी कढई. कढईशी गेलं. तिला नाक लावून उभं राहिलं. मग सगळे पाय एकदम दुमडून तिथेच बसलं आणि असा उसासा सोडला की मला वाटलं इस्त्रीवर पाणी पडलं.

भिंगरे, तू हुशार आणि मी चार यत्ता, पण यात तू चुकलीस. ते जुना वास शोधत नव्हतंच. जुना मी घालवला होता. बारा दिवस ते माझ्या साबणावर हनुवटी टेकून झोपलं. मग त्या शिक्षकांच्या घरी कपाटं हुंगत हिंडलं ते ही मोरी शोधत. पांघरुणाला जिचा वास आहे ती जागा कुठाय, एवढंच विचारत होतं बिचारं. त्या दोघांना लिहून कळव, त्यांच्या जिवाला लागलं असेल. त्यांच्याकडून काही चुकलं नाही. मीच त्याला बोलावून बसले होते, मला पत्ता नव्हता.

भात मोरीत नेऊन ठेवला. सगळा खाल्ला. भांडं सांडलं, ते वेगळं.

घड्याळवाला तक्रार करायला आला होता. कुत्र्याने त्याच्याकडे बघितलं, मग घड्याळवाला जागेवरून हालायचं नाव घेईना. जाताना विचारत होता की चावणाऱ्या मांजराला घड्याळाची टिकटिक चालते का. सोबत त्याचा मफलर पाठवते आहे, बाईसाहेबांसाठी. न धुता द्या असं त्याला सांगावं लागलं नाही.

काल अंगणात चादरी वाळत घातल्या होत्या. ऊन मऊ होतं. चिमटे काढत मी पुढे चालले, तर चादरीच्या पलीकडून कुणीतरी माझ्या बरोबरीने चालत होतं. मी थांबले, तेही थांबलं. खाली बघितलं तर चार पाय. चादर उचलायला हात वर गेला आणि तसाच राहिला. म्हटलं, मागे पुन्हा दुसरी चादर निघाली तर? मग नाक त्यानेच खालून आत घातलं आणि माझी धुतलेली चादर मळवली. ती पुन्हा धुवावी लागली.

दुकानदार सांगतो की हा साबण आता यायचा बंद होणार. मी त्याच्याकडच्या सगळ्या वड्या उचलल्या. अठ्ठावीस आहेत. तुझा ढगोबा म्हातारा, मीही काही कोवळी नाही. जपून वापरला तर आम्हा दोघांना पुरेल.

सुटी काढून ये. पाय पुसून आत ये. लोभ तिथेच आहे, मोरीत, कढईजवळ.
तुझी आजी