शालूचा डोळा, माझा नंबर

४ जानेवारी, धार

सकाळी पुन्हा तेच. उठले तर खिडकी, कॅलेंडर, ह्यांचं तोंड, सगळं दुधात बुडवल्यासारखं. अकराला निवळलं. रात्रभर पापण्या मिटलेल्या, पाणी उडायला वाट नाही, कॉर्निया फुगून बसतो. मिठाचे थेंब घातले. मग लेकीचा केस वाळवायचा ड्रायर हातभर लांब धरून डोळ्यांवर वारा घेतला. हे म्हणाले, पापड वाळवतेयस का? मला हसू आलं नाही.

संध्याकाळी देवासहून शालूचा फोन. तिचा नंबर लागला, शनिवारी इंदूरला ऑपरेशन. मी थोरली, नि आधी डोळा धाकटीला. छान झालं म्हणाले. फोन ठेवला आणि कुकरचं झाकण उगाच आपटलं.

५ जाने.

खरं लिहायचं तर चूक माझीच. मागच्या श्रावणात दोघी एकाच गाडीनं इंदूरला गेलो, एकाच दिवशी कॉर्नियाच्या पेशी मोजून घेतल्या. डॉ. म्हणाले, दोघींना आज ना उद्या दुसऱ्याचा कॉर्निया लागेलच, नावं लिहून ठेवा. शा.नं तिथल्या तिथं सही केली. मी म्हटलं, बघू, घाई काय आहे. दोन महिन्यांनी लिहिलं. म्हणून ती पुढे.

तरी जळतंच. तिच्या पेशी माझ्यापेक्षा जास्त होत्या, आकडा मी स्वतः पाहिलाय. आणि तिला करायचंय काय सकाळच्या नजरेचं? सून चहा हातात आणून देते. मला शाळेत पहिला तास.

लग्नानंतर ती देवासला, फाटकाशी जास्वंद असलेल्या घरात. मी नऊ वर्षं मनावर गावी बदलीवर, एका खोलीत. आईनं पाटल्या तिला दिल्या, तोडे मला. पाटल्या जड होत्या. डोळ्यांचं हे दुखणं तेवढं दोघींना सारखं वाटून गेली.

८ जाने.

बारावीला डोळा शिकवला. फळ्यावर कॉर्नियाच्या आतल्या अंगाचा एकेरी थर काढला, षट्कोनाला षट्कोन चिकटून. सांगितलं (हिंदीत अर्थात) की ह्या थरातून पाणी सतत कॉर्नियात झिरपतं, आणि ह्याच पेशी सोडियम, बायकार्बोनेटचे आयन परत डोळ्याच्या आतल्या पाण्यात ढकलत राहतात. आयन गेले की मागोमाग पाणी जातं. होडी गळकी, पण उपसणारे हात थांबत नाहीत. म्हणून आपल्याला दिसतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ये मर जाएँ तो नई नहीं बनतीं?"

नाही बनत. शेजारणी पसरतात, मेलेलीची जागा भरून काढतात, पण प्रत्येकीच्या अंगावर काम वाढत जातं. एक दिवस झेपत नाही. मग? मग कुणा गेलेल्या माणसाच्या लावाव्या लागतात. मी शा.ला कुणाच्या मिळणार ह्याच विचारात होते.

१० जाने., इंदूर

रजा टाकून गेले. न जाऊन कसं चालेल, थोरली बहीण.

शिवण नाही म्हणावी इतकी. कुणाचा तरी तो पातळ थर, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, गुंडाळी करून आत सोडला, उलगडला, खाली हवेचा बुडबुडा. तोच त्याला वर दाबून धरतो. म्हणून आठवडाभर पाठीवर उताणं, तोंड छताकडे. जेवायला नि मोरीपुरतं उठायचं. मान खाली घालायची नाही, वाकायचं तर मुळीच नाही.

डॉ. मला म्हणाले, आप तो बायोलॉजी पढ़ाती हैं, आप ही समझाइए इनको. समजावलं. बुडबुडा वर तरंगतो, तू वाकलीस की तो सरकला, थर सुटला. शा. म्हणाली, "अक्का, तू सांगितलंस की कसं लगेच कळतं गं."

१३ जाने.

शा.च्या सुनेचा, मीनलचा फोन. मम्मीजींनी जेवायला बसल्या बसल्या भिंतीवरची तारीख वाचली म्हणे. सकाळी साडेसातला!

मला साडेसातला ताटली आणि झाकण वेगळं ओळखू येत नाही. थेंब घातले. डोळे चुरचुरले, त्या निमित्तानं थोडं रडूनही घेतलं.

१४ जाने., संक्रांत

देवासला जाऊन आले. तिळाचे लाडू केले होते, जरा कडक झाले. शा. बाहेरच्या खोलीत दिवाणावर उताणी, नवी साडी अंगावर. मीनल चहा टाकायला आत गेली. तिळगूळ दिला. शा.नं उठून नमस्कार केला, दरवर्षीसारखा. औक्षवंत हो म्हटलं. बसला यायला उशीर झाला, धारला पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. बरं वाटलं जाऊन.

१७ जाने.

सकाळी मीनलचा फोन. काल रात्रीपासून शा.ला पुन्हा धूसर. इंदूरला नेलं. एका बाजूनं थर सुटलाय. पुन्हा हवा भरणार.

मी विचारलं, कशामुळे? डॉ. म्हणतात असं होतं कधी कधी, कुणाच्याही हातून काही न घडता. हे वाक्य मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

१८ जाने.

चौदा तारखेचं नीट लिहिलेलं नाही. ही वही माझी आहे, इथे तरी.

शा.नं आधी विचारलं होतं. दिवाणावर उठून बसली आणि म्हणाली, "अक्का, सणाचा नमस्कार राहू दे का गं यंदा?" मी राहू दे म्हटलं नाही. उभ्यानं हात जोड म्हटलं नाही. मी पाय खुर्चीखाली घेऊन बसले होते, ते पुढे घेतले.

एवढंच केलं.

ती खाली उतरून पूर्ण वाकली. कपाळ माझ्या पावलाला लागलं. बुडबुड्याचं मीच तिला चार दिवसांपूर्वी समजावलं होतं, आणि त्या क्षणी मला सगळं आठवत होतं. तिनं विचारायलाच का हवं होतं, हा राग. सकाळी साडेसातला तारीख वाचणारी ही बाई माझ्या पायाशी असावी, हीही इच्छा. लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

२१ जाने.

देवास. परत हवा भरलीय, शा. पुन्हा उताणी. तिचा मुलगा निखिल कारखान्यातून आला तो चिडूनच. मीनलला म्हणाला, तिला उठू कुणी दिलं? पाठीवर राहा म्हटलं होतं ना? मीनल रडवेली. मी पदराचं टोक गुंडाळत बसले.

दिवाणावरून शा. बोलली, छताकडे बघतच. "तिला काय बोलतोस? अक्का नको नको म्हणत होती, मीच हट्टानं वाकले."

निखिल माझ्याकडे वळला, "सॉरी मावशी."

मी काय म्हणाले असेन? म्हटलं, असू दे रे भिया.

२२ जाने.

झोप नीट नाही. शा.नं खोटं का बोलावं? तिला कळलंय. पाय पुढे आलेले तिनं पाहिले, ऑपरेशन न झालेल्या डोळ्यानंही एवढं दिसतंच. कळूनही तिनं मला झाकलं.

आणि मला काय वाटावं? उपकार वाटावेत की नाही? तर नाही. चांगुलपणातही हिनंच पहिला नंबर काढायचा. मी वाईट वागायचं आणि हिनं त्यावरही पाटल्या मिरवायच्या. धन्य आहे माझी.

१५ फेब्रुवारी

थर चिकटला, पण पेशी उपसत नाहीत. एवढ्या ओढाताणीत बऱ्याच मेल्या असाव्यात. डॉ. म्हणाले, आणखी थोडी वाट पाहू. शा.चा तो डोळा आता माझ्यापेक्षा वाईट, दिवसभर धुकं. आधी अकराला तरी निवळायचं.

ह्यांना सगळं सांगितलं, पायांसकट. हे म्हणाले, शालूला सांग. म्हटलं, तिला माहीत आहे. म्हणाले, ते वेगळं.

८ मार्च

डॉ.नी सांगून टाकलं. हा थर फुकट गेला, नवा लागेल. शा.चं नाव पुन्हा यादीत, शेवटी. फोनवर म्हणत होती, कुणाच्या तरी घरच्यांनी रडत रडत दिलेलं वाया गेलं गं अक्का, त्यांना काय वाटेल. स्वतःचं काही नाही. मी हूं हूं करत राहिले. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, थेंब वेळेवर घालतेस ना?

१९ मार्च

आज शाळेत असताना, अडीच वाजता, इंदूरहून फोन. कॉर्निया आला आहे. यादीत आता माझं नाव. परवा ऑपरेशन, उद्या दाखल. होय-नाही पाचपर्यंत कळवा.

मी विचारलं, माझा नंबर बहिणीला देता येतो का? फोनवरची मुलगी गोंधळली. आत विचारून आली. सर म्हणाले, दोघींनी मिळून कळवलं तर विचार करता येईल, पण आपली नजरही घसरतेय, नीट विचार करा.

घरी आले. हे म्हणतात, निर्णय तुझा. सोपं आहे त्यांना.

घ्यायची इच्छा आहे. खूप आहे. सकाळी उठून वही उघडावी आणि अक्षरं असावीत, एवढंच हवंय. मी काय मोठं मागतेय?

आणि दिला तर? तर गावभर होईल, थोरलीनं आपला डोळा धाकटीला दिला. ते ऐकायला मला आवडेल, हेही मला आत्ताच दिसतंय. एकदा तरी तिच्या पुढे. म्हणजे दिला तरी तो तिच्यासाठी नसणार. की असेल थोडासा? काही कळत नाही.

४.२०. चहा गार झाला. हे विचारतायत, बॅग भरू का. म्हटलं, थांबा.

४.३५. शालूचा नंबर लावलाय. रिंग जातेय. आधी पायांचं सांगायचं की कॉर्नियाचं, अजून ठरलेलं नाही.