कुपातला भोपळा

आई, इतक्या वर्षांनी लिहितोय, राग धरू नकोस. तू गेलीस तेव्हाच लिहायला हवं होतं. पण माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर बिघडलं, आणि तुला तर वाचताही येत नव्हतं, म्हणून राहिलं ते राहिलंच. आता परवापासून छातीत धडधडतंय. सून डॉक्टरकडं घेऊन गेली, ते म्हणाले काही नाही. काही नाही कसं? तुला एक विचारायचंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

आपला परस अजून आहे. मोरीचं पाणी जातं तिथं अळू आहे, केळ मात्र गेल्या वाऱ्यात पडली, ती मला आधीच बांधायला हवी होती. तुझ्या वेळी वर्ष परसातूनच कळायचं. मृग निघायच्या आत तू चुलीवर टांगलेली बियांची तुंबडी उतरवायचीस, राखेतल्या बिया सुपात निवडायचीस, काकडी इथं, दोडका तिथं, घेवडा मांडवाच्या पायाशी. आषाढात आठ-आठ दिवस पाऊस उघडायचा नाही आणि तू इरलं घेऊन वेलांना काठ्या लावत उभी. गणपतीत घेवडा, दिवाळीनंतर वाल, थंडीत मेथी आणि मिरची, आणि चैत्रात सगळं करपलं की मोरीजवळचं तेवढं हिरवं. आणि कुपातला भोपळा. आपल्या आणि थोरल्या चुलतीच्या परसामधला तो कूप, निवडुंगाचं कुंपण, त्यातून दर श्रावणात भोपळ्याचा वेल आपल्याकडं उतरायचा आणि गोठ्याच्या छपरावर चढायचा. दुष्काळाच्या वर्षी रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीबरोबर घशाखाली उतरायला दुसरं काय होतं? त्या भोपळ्यावर आपण दोघं जगलो असं मी आजवर माझ्या पोरांना सांगत आलो.

थोरलीच्या घरचं मात्र आपल्याला काही नको होतं. आबांचं तेरावं झालं आणि थोरल्या चुलत्यानं विहिरीकडचं वावर बळकावलं, त्या दिवशी तू चुलीपुढं उभी राहून म्हणालीस, "त्या घरचा दाणा माझ्या चुलीवर चढायचा न्हाई. तूबी तितं तोंड घालायचं न्हाई." मी घातलं नाही, आई. त्यांच्या घरची लग्नं झाली, बारशी झाली, चुलता वारला तेव्हा मी खांदा दिला, पण पाणीसुद्धा न पिता परत आलो. लोक म्हणायचे, लई ताठ हाय. मी म्हणायचो, आईचा शब्द आहे.

आणि भोपळा कापायचा तो दिवस. बाईनं अख्ख्या भोपळ्याला सुरी लावू नये, आधी बाप्यानं लावावी. आबा नव्हते, म्हणून तू कोयता माझ्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, "लाव घरधन्या." ते इतकं मोठ्यानं म्हणायचीस की मला लाज वाटायची. मी दहा-अकराचा, चड्डीला गाठ मारलेली, आणि घरधनी. पण कोयता रुतला की छाती फुगायची. एकदा वाटलं, आपण घरधनी, तर वेलाच्या मुळाला पाणी आपणच घालावं. तांब्या घेऊन कुपात शिरलो, अर्ध्यात पोचलो नाही तोच तू मला पायाला धरून ओढून काढलंस.

"आत कशाला मेला व्हतास?"

"मुळाला पाणी घालतो."

"भोपळ्याचं मूळ बघू नये. वेल जळतो."

नंतर तू सुईनं माझ्या पाठीतले काटे काढत बसलीस. मी ते पक्कं ध्यानात ठेवलं. कवळ्या भोपळ्याला बोट दाखवू नये, तसंच मूळ बघू नये. तू गेल्यावरही दोन-तीन वर्षं वेल आला. मी म्हणायचो, आईच्या हातचं बी आहे, पडून उगवतंय.

परवा मी कूप काढायला घेतला. पोरगा म्हणतो, तिथं सिमेंटची भिंत घालू, त्याचा मागं लागण्याचा स्वभाव तुझ्यावर गेलाय. कुदळ मारतोय तोच पलीकडून थोरली काठी टेकत आली. नव्वदीच्या पुढं गेलीय.

"कूप काढतुयास व्हय? काढ. पर त्या दगडापाशी कुदळ नगं मारू. तितं माझ्या भोपळ्याचं आळं हाय."

मी म्हणालो, "तितं माझ्या आईचा भोपळा असायचा."

ती हसली. तोंडात एकही दात नाही. "तुझ्या आईचा? आरं, तिनं घेवडा लावला, काकडी लावली. भोपळा माझा. रोज सकाळी उठून शेंडा तुमच्याकडं वळवायची मी. आमच्या ह्यांनी बघितलं असतं तर वेलाबरुबर मलाबी उपटलं असतं."

माझ्या हातातली कुदळ गळून पायाजवळ पडली. थोडक्यात वाचलो. मी विचारलं, "आईला ठावं व्हतं?"

"मला काय ठावं? आमचं बोलणं कुटं व्हतं. तिला इचार की."

तिला इचार. जशी काय तू मोरीवर भांडी घासत बसलीयस.

तेव्हापासून झोप नाही. सुनेला म्हणालो, भोपळ्याचं मूळ बघू नये हे तुमच्याकडं आहे का? ती म्हणाली, बोट दाखवू नये हे आहे, मुळाचं कधी ऐकलं नाही. घोटावड्याला गिरणीत दळण घेऊन गेलो, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं. बोटाचं सगळ्यांना ठाऊक, मुळाचं कुणालाच नाही. मग वाटलं, तुझं माहेर कासारसाईचं, तिकडची चाल असेल. पण तिकडं विचारायला आता आपलं कुणी उरलं नाही. तिकडची चाल नसेल, तर मग तू मला पायाला धरून का ओढलंस?

आज सकाळी थोरलीनं कुपाच्या खिंडारातून हाक मारली. तिच्यापुढं गेल्या वर्षीचा, बियाला ठेवलेला भोपळा. "नातू कंपनीत गेलाय, घरात बाप्या न्हाई. सुरी लाव." मी सुरी घेतली, पण ती रुतेना. ती म्हणाली, "लाव घरधन्या."

मी सुरी तशीच धरून वर बघितलं.

"तुझी आय म्हणायची न्हवं? लई मोठ्यानं म्हणायची. मी तितं कुपाशीच उभी असायची, भोपळा कापला का बघाया."

दुपारी तिनं केळीच्या पानात घारगे पाठवले, त्याच भोपळ्याचे. मी घेतले. परत पाठवायचे होते, पण नाही पाठवले. पोराला सांगितलं, भिंतीचं राहू दे, तर तो माझ्यावर ओरडला. घारगे समोर ताटाखाली झाकून ठेवलेत, आणि खरं सांगतो, भूक लागलीय. तुझा शब्द मोडू की नको? की तूच तो आधी मोडला होतास? घारगे उद्या दिवसभर टिकतील, पावसाळी हवा आहे, परवा बुरशी धरेल. तेवढ्यात कळव, आई.