गप्प बसेल तो कबूल

मोतुलोआ बेट,
३ जून

चि. आलिएता हीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. मागची बोट पीठ-साखर उतरवून लगेच निघाली आणि माझं पत्र अर्धंच राहिलं. शाळेत चार बुकं शिकलेल्या माणसाला चार ओळी लिहायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊकच आहे.

भरतीचं पाणी आपण कंद लावतो त्या खड्ड्यात शिरलं. पानं पिवळी पडली आहेत, डोक्यातून ते जात नाही. पाठही धरते. सभाघरात आपल्या घराण्याच्या खांबाला टेकून बसलो की तेवढं बरं वाटतं. बाबाही त्याच खांबाला टेकायचे.

आता खरं सांगतो. संसदेच्या निवडणुकीचं सभाघरात ठरलं. मुख्य कैसामी म्हणाला की बेटाचा आवाज एकच असावा, म्हणून पुन्हा तोच उभा राहणार आणि सगळ्यांनी मत त्यालाच द्यायचं. तुझ्या लेकीने, वाईओलाने, अर्ज भरला तो पोरकटपणा, असंही म्हणाला. कोणाची हरकत आहे का, असं त्याने विचारलं तेव्हा माझं सगळं ध्यान त्या खाऱ्या पाण्यात. मी बोललोच नाही. आपल्याकडे गप्प बसेल तो कबूल. रविवारी चर्चमध्ये त्याने जाहीर करून टाकलं की पोरीच्या सख्ख्या मामाचीही संमती आहे.

मी काय करू? बोललो तर खांब जाईल. लवकर लिही.

तुझा दादा,
इयाकोपो

फुनाफुती,
७ जुलै

ती. दादास आलिएताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. खडकापलीकडे मासा उडाला तरी तुला ऐकू येतो, आणि कैसामी हातभरावरून बोलला ते ऐकू आलं नाही! वाईओला मात्र हसली नाही. म्हणाली, मामाला राहू दे त्याच्या खांबाशी. मी नाव मागे घेणार नाही.

दादा, वहिनीने बोटीची वाट बघत किनाऱ्यावरच जीव सोडला. माणूस आजारी पडलं तर बोट बोलावता यावी, पोरगी एवढंच मागते आहे. दवाखान्यातली नोकरी सोडली तिने त्यासाठी. इतकी वर्षं कैसामीने इथे राजधानीत काय केलं? मेजवानीत दोनदा ताट भरून घेताना मी त्याला डोळ्यांनी पाहिलं आहे.

ती पुढच्या बोटीने येते. सभाघरात बाईमाणसाला बोलू देत नाहीत. तोंड तुलाच आहे. ते फक्त कंद खायला ठेवलं असशील तर तसं कळव, म्हणजे मी आशा सोडते.

माझ्यावरचा लोभ तेवढाच राहू दे. कमी करायचाच असेल तर कैसामीवरचा कर.

तुझी धाकटी,
आलिएता

मोतुलोआ बेट,
१८ सप्टेंबर

चि. आलिएता हीस अनेक आशीर्वाद.

मी बोललो. सभाघरात उभा राहून म्हणालो की मागच्या वेळी माझं ध्यान नव्हतं, आज आहे, आणि मी कबूल नाही. माझी बायको बोटीवाचून गेली, माझं मत बोट मागणारीला. कैसामी म्हणाला की ज्याचा आवाज वेगळा, त्याला या घरात पाठ टेकायला जागा नाही. खांब त्याने आपल्या जावयाला दिला.

मी चटई गुंडाळली आणि बाहेर नीरफणसाखाली जाऊन बसलो. साल खरखरीत, वर मुंग्या. पाऊस आला की म्हातारा परतेल, असं सगळे म्हणत होते. पाऊस आला. मी चटई डोक्यावर घेतली. दर सभेला तिथेच बसतो.

वाईओला हरली. पण अगदी थोडक्यात. जिंकूनही कैसामीच्या घशाखाली घास उतरेना. त्याने सभा बोलावली, कडेला बसलेल्या बायकांनाही थांबवून घेतलं आणि दरडावून विचारलं की त्या पोरीला मत कोणी दिलं. कोणी बोलेना. पुरुष छपराकडे बघत होते, बायका चटईची पाती मोजत होत्या. तेव्हा मी झाडाखालून ओरडलो की मुख्य, कशाला विचारता, आपल्याकडे गप्प बसेल तो कबूल!

आधी त्याची सख्खी बहीण हसली, तोंडावर हात धरून. मग सगळी कड हसली. जावई खांबाला टेकून हसत होता, त्याच्याकडे कैसामीने असं पाहिलं की तो सरळ होऊन बसला.

आता माझा खांब परत देतो म्हणतात. मी नको म्हणालो. पाठ सोलून निघाली आहे, वाईओला रोज तेल लावते आणि मला रागावते.

ती या बोटीने तुझ्याकडे परत येते, पत्र तिच्याच हाती देतो. पुढच्या खेपेला उभी राहशील का, असं मी तिला विचारलं. ती काहीच बोलली नाही, तेल चोळत राहिली. यातून काय समजायचं ते मी समजलो आहे. तरी माझा काळजीखोर स्वभाव तुला माहीत आहे. तिच्या तोंडून वदवून घे आणि येत्या बोटीने दोन ओळी धाड. वाट बघतो.

तुझा दादा,
इयाकोपो