वहिनींचा एंजल मासा

गुरुवार, संध्याकाळ. लक्ष्मीबाई नगर

आज आलं: टायगर बार्ब मासे तीन, एकशे वीस रुपये. माशांचं खाणं, ऐंशी.

आणि नुकसान कुठे मांडू? शेजारच्या वहिनींची बदली झाली, तेव्हा टाकीसकट एंजल मासा त्या माझ्या भरवशावर सोडून गेल्या. "एकटा पडलाय बिचारा, सोबत आणू," असं आमच्या यांचंच म्हणणं. दुकानात मी दोनदा विचारलं, "एंजल के साथ रह लेंगे ना?" "बिल्कुल, आंटी. पर छह ले जाओ, कम होंगे तो दूसरों को काटेंगे." मला वाटलं, मेला माल खपवतोय. तीनच आणले.

दुपारपासून तिघं मिळून एंजलचे लांब पंख कुरतडताहेत. एवढे सुंदर पंख, चिंध्या झाल्या! चावणारे आहेत हे ठाऊक असून विकलेच कसे त्याने? आणि मी ऐकलं का नाही? तिघांना टाकीचंच पाणी घालून बादलीत काढलं. जपाला बसले, तर माळेच्या प्रत्येक मण्याला त्या दुकानदाराला शिवी.

त्यात हे म्हणतात, "अगं, मेला तर तसाच दुसरा आणू. वहिनींना काय कळणार?"

देवापुढे दिवा जळतोय आणि हे असं बोलतात! "तुमच्या ऑफिसात चालत असेल, माझ्या घरात नाही," म्हटलं.

वहिनींना आत्ताच मेसेज केला: "चूक माझी आहे. चार पैसे वाचवायला गेले आणि एंजलचे पंख गेले. जीव आहे अजून. औषध कोणतं घालू? वाचल्याबरोबर कळवा, रागावून का होईना."