पाखराचं तिकीट, फुलाचं विमान

चि. रमजान,

अस्सलामु अलैकुम. तुझ्या थोरल्या बहिणीचा, आसियाचा, तुला सलाम आणि दुवा; भावजयीला, मुलांना, आणि जिच्या लग्नापायी हे सगळं रामायण घडलं त्या तुझ्या नातीला, झाराला, डोक्यावरून हात. इथे रत्नागिरीत अल्लाच्या मेहेरबानीने सगळी खुशाल आहेत. माझं ब्लड प्रेशर तेवढं खुशाल नाही, ते का नाही हेच सांगायला बसले आहे. तुझे गुडघे कसे आहेत? केपटाऊनला आता उन्हाळा लागत असेल, तेव्हा बरे असतील असंच मी धरून चालते.

फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर मी जरा आवाज चढवला की तुझी लगेच रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही. मी सांगतेय आणि माझी नात महरीन लिहितेय. लिहून झालं की फोटो काढून आजच तुला धाडील. मला अक्षर येत नाही म्हणून तिने काही गाळावं असं नाही, कारण मी बोलत असते आणि पेन गप्प बसलेलं मला दिसतं. (आत्ताच बसलं होतं. लिही गो, हेही लिही.)

पहिली गोष्ट ही, की माझ्याबद्दल तुझ्या घरात जे बोललं जातंय ते खोटं आहे. आपा विमान बघून घाबरली, मुंबईच्या विमानतळावरून पळून आली, असं तुझ्या मेहुणीने, त्या हाजराने, अर्ध्या केपटाऊनला सांगितलंय म्हणे. मी घाबरले नाही. मी ओळखलं. घाबरणं आणि ओळखणं यातला फरक हाजराला समजता तर तिने तिच्या तिन्ही सुना नीट ओळखून आणल्या असत्या.

तिकीट मी रावजीकडे काढलं. हा रावजी पालीचा, आधी नाक्यावर बसून मुंबईच्या गाड्यांचं रिझर्व्हेशन करायचा, आता काचेचं दार लावून विमानांचं करतो. (दार काचेचं झालं तरी चहा अजून अर्धाच देतो.) त्याला मी आधीच सांगितलं, बाबा रे, मला वाचता येत नाही, मला खूण सांग. त्याने कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. पंख पसरलेलं निळं पाखरू. म्हणाला, "मावशी, शेपटीवर हे पाखरू दिसलं की डोळे मिटून बसायचं. मध्ये आफ्रिकेतच एकदा विमान बदलायचं, तेही यांच्याच तिकिटावर. थेट भावाच्या दारात." मी ते पाखरू डोळ्यांत भरून घेतलं. चोच, पंख, सगळं.

आता तू म्हणशील, चित्राला एवढं काय. रमजान, तू तरी असं म्हणू नकोस. आपल्या अब्बांची खाडीवर होडीची तर चालायची, माणसं पलीकडे न्यायची, तेव्हा उतारूंना कुठे वाचता येत होतं? होडी चित्रावरून ओळखायची. आपल्या होडीच्या नाळीवर, पुढच्या टोकाला, सुरमई आणि पलीकडच्यांच्या होडीवर मोर. दर साली पावसाळा संपला की आपली सुरमई तू रंगवायचास आणि दर साली तिची शेपूट वाकडी यायची, पण लोक त्या वाकड्या शेपटीला ओळखून पाय टाकायचे. अब्बांचा नियमच होता, ज्या होडीला हाक मारली तिच्यातच बसायचं. आणि एकदा ओहोटीला आपली होडी गाळात रुतली म्हणून अब्बांनी आपल्याकडे ठरलेली वरात न सांगता मोराच्या होडीत चढवली, तर काय झालं ते आठव. बिर्याणीची देग मधोमध पाण्यात गेली. वऱ्हाडी म्हणाले, भरून द्या. अब्बा म्हणाले, होडी त्याची. तो म्हणाला, गिऱ्हाईक तुझं. वरातीने शेवटी नारळ फोडून खाल्ले. मग बंदरावरचा साहेब आला आणि दोघांना दम देऊन गेला, की माणसं एकमेकांच्या होडीत घालायची तर खुशाल घाला, पण पाण्यात पाय पडायच्या आधी त्यांना तोंडाने सांगा, आणि बुडालं तर कोण भरणार ते आधी ठरवा.

ही अक्कल खाडीवर होती. विमानतळावर नाही.

तर मी मुंबईला गेले. माझा नातू फैझान मला दारापर्यंत सोडायला आला होता. रावजीने माझ्या नावावर चाकाची खुर्ची लिहिली होती, कारण वाचता न येणाऱ्या बाईला ती मंडळी चालताही येत नाही असं समजतात. खणखणीत पाय असून मला ढकलत नेलं. (एकदा बसल्यावर वाईट नव्हतं, पण ते लिहू नकोस, महरीन.) आत एक मोठी काच होती, तिच्यापलीकडे विमान उभं. मी शेपूट बघितली. पाखरू नाही. लाल फूल. जास्वंदीसारखं, पण पाकळ्या जास्त.

मी खुर्चीचा दांडा धरला आणि म्हटलं, हे माझं विमान नाही. दारावरची मुलगी गोड होती, तिने माझं तिकीट बघितलं आणि म्हणाली, "आजी, हेच आहे."

"माझ्या तिकिटावर पाखरू आहे."

"तिकीट पाखरूवाल्यांचं, विमान आमचं. आमचं त्यांचं ठरलंय."

"माझ्याशी कुणी ठरवलं?"

यावर तिने वरच्या साहेबाला बोलावलं. त्याने मला इंग्रजीत समजावलं, मग हिंदीत, मग हात जोडून. मी म्हटलं, बाबा, माझी देग बुडाली तर कोण भरणार, तू की पाखरूवाला? त्याला वाटलं माझ्या बॅगेत देग आहे. बॅगेत हर्णैचे सुके बोंबील होते, तुझ्यासाठी, निवडून आणलेले. मी चढत नाही म्हटल्यावर माझी बॅगही विमानाच्या पोटातून उतरवावी लागली, तसा कायदा आहे म्हणे. सगळं विमान तिच्यासाठी खोळंबलं. (बॅग शोधायला वेळ लागला हे मला पटत नाही. बोंबलांची बॅग नंबर न वाचताही सापडते.) आणि फूल उडून गेलं. फैझानने मला परत रत्नागिरीला आणलं. वाटेत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि तो गप्प बसतो तेव्हा अगदी तुझ्यासारखा दिसतो.

दुसऱ्या दिवशी मी रावजीच्या काचेच्या दारात. तो म्हणतो, मावशी, आता सगळीकडे असंच असतं. एका कंपनीने आपल्या नावाने तिकीट विकायचं आणि दुसरीने आपल्या विमानातून माणूस न्यायचा, दोघींचा करार असतो. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? तर त्याने तिकीट उलटं करून खालची ओळ दाखवली. तिथे छापलंय म्हणे, बारीक अक्षरात. रमजान, जिला मोठं अक्षर येत नाही तिला हा माणूस बारीक अक्षर दाखवतो.

पण मी काही अडून बसणारी बाई नाही. पोरीच्या हळदीचा प्रश्न होता. आपल्या घरात मुलीला पहिली हळद घरातली थोरली बाई लावते. अम्माला तिच्या फुफूने, बापाच्या बहिणीने, लावली, मला अम्माने लावली, तुझ्या मुलींनाही मीच लावली, तेव्हा तू त्यांना घेऊन इकडे यायचास. आता थोरली मीच उरले आहे. म्हणून मान खाली घालून रावजीला म्हटलं, ठीक, फूल तर फूल. पुढचं तिकीट काढ.

तर तो म्हणाला, आता ते होत नाही.

का? तर विमानांचं थंडीचं वेळापत्रक सुरू झालं. जुन्या वेळापत्रकापुरती सरकारची मंजुरी होती, ती संपली. नवी यायची आहे. पाखरू आणि फूल यांनी आपसात ठरवून भागत नाही, दोन्ही देशांच्या सरकारांनी हो म्हणावं लागतं, आठवड्याला किती खेपा, कुणाच्या नावावर किती खुर्च्या, विमान धड आहे की नाही, काही झालं तर जाब कोण देणार. कागद दिल्लीला आहे. दिल्लीचा झाला की तिकडचा. तोवर पाखरूवाल्यांना फुलाची एकही खुर्ची विकता येत नाही.

बघ आता. मला बसायचं नव्हतं तेव्हा मंजुरी होती. मला बसायचंय तर मंजुरी नाही. मी म्हटलं, मग फुलवाल्यांकडूनच घे की. तर त्यांच्या स्वतःच्या वाट्याच्या खुर्च्या लग्नसराईत भरल्या. पाखराच्या वाट्याच्या रिकाम्या आहेत. त्या रिकाम्याच उडत जाणार. माझ्यासाठी ठेवलेली खुर्ची खिडकीतून ढग बघत केपटाऊनच्या वाटेला लागणार आणि मी इथे अंगणात वाल सोलत बसणार. दुसऱ्या कंपनीचं बघ म्हटलं तर त्यांची विमानं दोनदोन देश फिरवून नेतात, आणि तिथल्या चाकाच्या खुर्चीची रावजी हमी देत नाही.

सरकारने विचारू नये असं माझं म्हणणं नाही. बंदरावरच्या साहेबानेही विचारलं होतंच. पण त्याने होडी किनाऱ्याला असताना विचारलं, वरात निघायच्या वेळेला नाही. वेळापत्रक बदलणार हे काय दिल्लीला आभाळातून कळलं? दर साली बदलतं. चतुर्थी कधी हे आमच्या शेजारच्या वेदिकाच्या लेकराला कळतं, थंडी कधी हे सरकारला कळत नाही. आणि कागद कुणाच्या टेबलावर आहे हे रावजी रोज सांगतो, "विचाराधीन आहे, मावशी." विचाराधीन. एखाद्याने हो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं. माणूस लटकवून ठेवणं ही कुठली रीत? उत्तराची वाट बघणाऱ्याच्या जिवाचं काय होत असेल, हे त्या टेबलामागच्या माणसाला घरी कुणी शिकवलंच नाही का?

तू महिन्यापूर्वी विचारलं होतंस, आपा वेळेत पोचली नाही तर पहिली हळद हाजराने लावली तर चालेल का. ते माझ्याकडे विचाराधीन आहे. (महरीन हसतेय. तिला हसायला काय झालं कोण जाणे.)

बाकी घरात सगळं ठीक. पावसच्या बागेत कलमांना मोहोराची चिन्हं दिसतात. तुझ्या मुलांना सांग, दादाचं, माझ्या अब्बांचं, घर कुठलं हे विसरू नका. अल्ला तुम्हां सगळ्यांना सलामत ठेवो आणि दिल्लीच्या त्या टेबलामागच्या माणसालाही ठेवो, पण जरा उठून बसता करो.

तुझी थोरली बहीण,
आसिया
(अंगठा तिचा, अक्षर महरीनचं.)

ता. क. पत्र बंद करत होतो तोच रावजीचा फोन आला. मंजुरी झाली. तिकीट मिळालं, पाखराच्या नावाचं, फुलाच्या विमानाचं. पण मी शनिवारी उतरेन आणि हळद गुरुवारी आहे. निकाहाला पोचते.

दुसरा ता. क. तेव्हा हाजराला हळदीची मंजुरी देत आहे, एवढ्या एका खेपेपुरती. अटी अशा. हळद माझी, हात तिचा, आणि हे हळद लावायच्या आधी झाराला आणि जमलेल्या बायांना तोंडाने सांगायचं, बारीक आवाजात नाही. पोरीच्या गालाला आग झाली तर जबाब हाजराने द्यायचा. तेज आलं तर ते माझ्याकडून. आणि हाजराला सांग, दंडाला लावताना जरा हळू हात लाव, झारा लहानपणी आईबरोबर इकडे आली होती तेव्हा मी न्हाऊ घालताना तिथे गुदगुल्यांनी पळायची. हे तिला ठाऊक नसणार.

शेवटचा ता. क. आता ज्याच्यासाठी एवढा कागद भरला ते. विमानतळावर मला न्यायला तू स्वतः ये. मुलाला पाठवू नकोस, जावयाला नको, गाडीवाल्याला तर नकोच. अम्मा गेली तेव्हा तुझ्या नावावर तुझा मुलगा आला. फैझानच्या बापाच्या लग्नात तुझ्या नावावर फ्रीज आला. घराचं छप्पर उडालं तेव्हा तुझ्या नावावर तुझा साळा आला आणि चार दिवस जेवून गेला. मी कुणाला परत पाठवलं नाही. पण तू स्वतः या अंगणात आलास त्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा मला ओळखू येईल की नाही, याचीच मला धास्ती आहे. विमानाची नाही. विमान दुसऱ्याचं चालेल मला, हळदीचा हातही चालेल. भाऊ दुसरा चालणार नाही.

नावाची पाटी धरून उभा राहू नकोस, मला वाचता येत नाही. एका पुठ्ठ्यावर सुरमई काढ, अब्बांच्या होडीवर काढायचास तशी, तुझ्या हाताने. शेपूट वाकडी असली की मी येते. सरळ असली तर कुणा दुसऱ्याने काढली असं समजेन, आणि तुला ठाऊक आहे, मी बॅगसुद्धा उतरवायला लावते.