पाठ फिरवून बसलेले सर

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी कधी एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलोय तेही मुलीमुळे.

तुमच्या व्हॉलीबॉल संघात मी लिफ्टर होतो. दुसरा बॉल माझ्याकडे यायचा, तो कुणाला उचलून द्यायचा ते मी ठरवायचं, असा नियम. ठरवायचात मात्र तुम्ही. बाकावरून तुम्ही कान धरलात की बॉल उजवीकडे, नाकाला हात लावलात की मधे, कमी उंचीचा. तीन वर्षं मी बॉलपेक्षा तुमच्या नाकाकडेच जास्त पाहिलं, आणि आपण जिंकत होतो. मग आपल्याच मैदानावर फायनल आली. शेवटच्या सेटला तुम्ही एक खुर्ची आणलीत, शाळेच्या ऑफिसकडे तोंड करून ठेवलीत आणि आमच्याकडे पाठ करून बसलात. कसाबसा खेळत राहिलो आणि शेवटचा बॉल जाळ्यात घातला. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, तर मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही. नंतर आई म्हणाली, "सर सांगत होते, शेवटचा सोडला तर सगळे बॉल सुरेख उचललेस." पाठ करून बसलेल्याला काय दिसलं, असं मी फाडकन बोललो. ऐन वेळी सरांनी हात वर केले, हेच पुढे सगळ्यांना सांगत राहिलो. फार राग होता मला तुमचा.

आता इथे परदेशात, पॉइंट कुकमध्ये, पुन्हा लॉकडाऊन आहे. मुलगी अमेरिकन फुटबॉल खेळते, क्वार्टरबॅक आहे. म्हणजे त्यांचा लिफ्टरच समजा. बॉल हातात आला की कुणाकडे फेकायचा ते तिने क्षणात ठरवायचं. कोच स्क्रीनवर, त्यामुळे सराव माझ्या गळ्यात. मास्क लावून आम्ही तिघं तासभर मैदानावर जातो. बायको धावत बॉल झेलते आणि मी कडेला उभा राहून लेफ्ट, राइट, आता फेक, असं ओरडत असतो. गेल्या आठवड्यात मी हौसेने कोचला व्हिडिओ पाठवला. त्याने तिला कळवलं, हात चांगला आहे, पण प्रत्येक थ्रोआधी तू बाजूला बघतेस. ते थांबलं नाही तर ही जागा दुसरीला द्यावी लागेल. बाजूला म्हणजे माझ्याकडे. टीमच सोडते म्हणून ती दोन दिवस रडली.

आज बायकोने तिला कसंबसं बाहेर काढलं. मैदानावर तिने बॉल घट्ट धरून ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तू टर्न अराउंड कर. तरच मी थ्रो करीन."

मी पाठ फिरवली. हातांचं काय करावं कळेना. तीनदा तोंडापर्यंत आलेला 'लेफ्ट' गिळला. एक बॉल जमिनीवर पडला, मग एक झेलल्याचा आवाज आला, मग आणखी एक. परतताना ती म्हणाली, उद्यापण असाच उभा राहा. मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे पाठवणार, वहीतच राहील. पण तिला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. माझ्यासमोर आमची गाडी उभी होती, आणि तिच्या काचेत मी पोरीचा एकेक थ्रो बघत होतो.

तुमच्या खुर्चीसमोर ऑफिसची काचेची खिडकी होती, सर. मला ती आज आठवली.