दीपस्तंभावरचे दातांचे डॉक्टर

४ ऑक्टोबर

ती. आजीस भिंगरीचा सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण बाबा कान टवकारून बसलेले असतात. आजी, मला वरच्या गणिताचा वर्ग सोडून साध्या गणितात जायचंय. महिनाअखेरपर्यंतच मुभा आहे आणि बाबांची सही लागते. ते म्हणतात, आपल्या घराण्यात कुणी माघार घेतलेली नाही. ते फक्त तुझंच ऐकतात, म्हणून तू सांग. सोबत माझा नापासाचा पेपर पाठवतेय, बघितलास की तुला दया येईलच. होड्यांचं गणित तर बघूच नकोस. दीपस्तंभावर एक माणूस उभा आहे, त्याला दोन होड्या दिसतात, त्यांच्यामधलं अंतर काढायचं. माझं उत्तर आलं उणे चाळीस मीटर! सर म्हणाले, असा अपघात त्यांनी जन्मात पाहिला नाही.

तुझी (अजून तरी) लाडकी,
भिंगरी

११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस अ. उ. आ., आणि दोन्ही गालांचे पापे.

पेपर मिळाला. अगं, किती गं ते लाल! मी तर हरखूनच गेले. चौथीनंतर मी काही शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण शिवणकामात जन्म गेला. ज्या कपड्याचं काही होण्यासारखं असतं त्याच्यावरच मी खडू चालवते, इथे आत घ्यायचं, तिथे सोडायचं. ज्याचं काही व्हायचं नाही तो आपला घडी करून परत. तुझ्या सरांनी तर कोपरासुद्धा सोडला नाही, केवढा जीव लावून बसला असेल माणूस! म्हणून पेपरला चौकट करून घेतली आणि दुकानात आरशाशेजारी टांगला. झकास दिसतो.

तर परवा काय गंमत झाली. आपले दातांचे डॉक्टर कोटाच्या फिटिंगला आले होते. अंगभर टाचण्या, हलायची सोय नाही, मग बिचारे वाचणार काय? तुझा पेपर! म्हणाले, उणे चाळीस म्हणजे होड्या एकमेकींच्या पोटातून आरपार गेल्या. तेवढ्यात टपालवाली आली, ती म्हणाली, अशा कशा जातील, आत माणसं बसलेली असणार ना! झालं, जुंपली दोघांची. शेवटी करूनच बघायचं ठरलं. डॉक्टर स्टुलावर चढले, ते दीपस्तंभावरचा माणूस. टपालवाली एक होडी, मी दुसरी. आता त्या कपाटामुळे एका बाजूला आम्ही दोघी काही मावेना. तिचा घेर तुला ठाऊक आहे, माझाही काही कमी नाही. मग ती दाराशी उभी राहिली, मी आरशाशी. डॉक्टर एकदा हिच्याकडे वळायचे, एकदा माझ्याकडे, आणि दर वेळी टाचणी टोचली की ओरडायचे. उत्तर काही आलं नाही, बाही मात्र उसवली.

तुझ्या बाबाची काळजी करू नकोस. पाढे म्हणायची वेळ झाली की तो पलंगाखाली शिरायचा, पाय धरून ओढून काढायचे मी. घराण्यातली माघार मी बघितलीय. सोडायचं तर खुशाल सोड, सही मी मिळवून देते. पण एक सांग बाई, साध्या गणितात होड्या असतात का गं? पत्रात त्यांच्याबद्दलच सगळ्यात जास्त लिहिलंस, म्हणून आपलं विचारलं.

जेवत जा. इकडे लोभ उतू चाललाय, थोडा तिकडेही राहू दे.
तुझी आजी

१८ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

आधी तो पेपर खाली उतरव! दातांच्या डॉक्टरांनी वाचला म्हणजे सगळ्या गावाने वाचला. दिवसभर मी उशीत तोंड खुपसून होते.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. ती दाराशी आणि तू आरशाशी! धावत जाऊन मैत्रिणीच्या प्रश्नपत्रिकेत होड्यांचा प्रश्न वाचला. आजी, त्यात छापलंय, एक होडी पूर्वेला आणि एक पश्चिमेला. मी दोन्ही एकाच बाजूला कोंबून वजाबाकी करत बसले होते. बेरीज करायची होती, बेरीज! उत्तर आलं. सरांनी विचारलं, कसं सुचलं. मी म्हटलं, आमच्या आजीचं कपाट मोठं आहे.

साध्या गणितात होड्या नसतात, विचारून आले. सही नको. नापास व्हायचंच असेल तर इथेच होईन. बाबांना पलंगाचं विचारलं, तर ते उठून गॅलरीत गेले ते अजून आले नाहीत.

माया आहेच, पण पेपर उतरव.
भिंगरी

२० नोव्हेंबर

चि. भिंगरीस अ. उ. आ. आणि पाठीवर एक थाप.

नवा पेपर मिळाला. काठावर का होईना, पास झालीस! टपालवालीला मी दारातच मिठी मारली, तिची पिशवी सांडली. जुना पेपर उतरवला, रडू नकोस, आता त्याच चौकटीत नवा आहे.

पण एक सांगू का, लाल फारच कमी आहे गं. डॉक्टर आले होते. कोट मापात बसलाय, तरी बाही घट्ट होते म्हणतात. आले तसे आरशाशी गेले, पेपर वाचून लगेच संपला, आणि तोंड पाडून बसले. टपालवालीसुद्धा उगाच स्टूल हलवून बघत होती. मलाही दुकान सुनं सुनं वाटलं.

तेव्हा खूप शीक, मोठी हो, पण पुढच्या वेळी सगळंच बरोबर सोडवू नकोस. एखादी होडी आमच्यासाठी बुडव.

शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात तसा लोभ थोडा जास्तीचाच ठेव.
तुझी आजी